मुलाखती ऐका, इंग्रजी बोला

जबलपूरच्या मराठी घरातील मुलेमुली घरी मराठी बोलतात, बडा फुहारा बाजारात हिंदी. इंग्रजीशी खरी गाठ पडते ती नोकरीच्या मुलाखतीत. व्याकरण पाठ असूनही तिथे जीभ अडखळते. अशा वेळी १९९७ साली सुरू झालेल्या सिमी गरेवाल यांच्या इंग्रजी कार्यक्रमाचे जुने भाग कामी येतात. अवघड प्रश्नांना जयललिता कशा सामोऱ्या जातात, ते पाहाच! मुलाखतीत माणूस थांबतो, ‘आय वुड से’ म्हणत सवड घेतो, वाक्य अर्धवट सोडून नवे धरतो. पाठ्यपुस्तकात हे कुठले सापडायला? दोन मिनिटांचा तुकडा आधी नुसता ऐका, मग त्याच लयीत मोठ्याने म्हणा. उच्चारांची नक्कल मात्र नको; मराठी हेल राहिला तरी बिघडत नाही. पुढे प्रश्न ऐकताच व्हिडिओ थांबवून उत्तर स्वतःचे द्या.