ब्राउझरचें आपोआप नूतनीकरण



सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार हें सर्व कचेरींतील संगणकावर ज्या साधनानें पाहिलें जातें, त्यास ब्राउझर म्हणतात. बाहेरचें जग याच दारानें आंत येतें. म्हणून चोरही प्रथम हेंच दार चांचपून पाहतो. कळसाडीसारख्या गांवचा मनुष्य सेवाकेंद्रांत आपला आधार क्रमांक सांगतो, तेव्हां तो नकळत या दाराच्या मजबुतीवर विसंबलेला असतो.

आतां चांगला चालणारा ब्राउझर बदलावयाचा कशासाठीं? लक्षावधि ओळींच्या रचनेंत कोठें ना कोठें दोष राहतोच. २०२३ च्या सप्टेंबरांत 'वेबपी' जातीचीं चित्रें उलगडून दाखविणाऱ्या भागांत असा दोष सांपडला कीं, कपटानें रचलेलें चित्र नुसतें उघडतांच परक्याची आज्ञा संगणकांत चालूं शकावी. क्रोम व फायरफॉक्स हे दोघेही तोच भाग वापरीत असल्यामुळें दोघांनाही तो बाधला. दुरुस्ती तत्काळ निघाली. परंतु दुरुस्ती निघाली म्हणजे दोष कोठें होता हें चोरासही कळतें. म्हणून ती निघणें आणि आपल्या यंत्रांत बसणें यांमधील दिवस अत्यंत धोक्याचे होत.

चाळीस संगणकांवर हें काम हातानें पुरें होणें नाहीं. यास्तव ब्राउझरबरोबर एक सेवकच बसविलेला असतो. तो कांहीं तासांनीं मूळ कंपनीकडे विचारणा करतो, नवी आवृत्ति उतरवून घेतो, ती अस्सल आहे कीं नाहीं हें तपासतो आणि बसवितो. विंडोजच्या कचेऱ्यांत 'ग्रूप पॉलिसी' या सोयीनें एकाच जागेवरून सर्व यंत्रांस एकच नियम लावतां येतो. नवी आवृत्ति प्रथम दोनचार यंत्रांवर चालवून पाहावी, आणि कचेरीचें काम अडत नाहीं अशी खातरी होतांच सर्वांस द्यावी, हा उत्तम मार्ग होय.

तथापि हा सेवक दोन ठिकाणीं अडतो. पहिलें असें कीं, उतरविलेली आवृत्ति ब्राउझर बंद करून पुन्हां उघडल्यावांचून लागू होत नाहीं. आणि कित्येक कचेऱ्यांत तो आठवडाभर उघडाच असतो. अमुक मुदतींत ब्राउझर पुन्हां सुरू झालाच पाहिजे, असा नियम मध्यवर्ती जागेवरून घालतां येतो. तो अवश्य घालावा. दुसरें, जुनें विंडोज. फेब्रुवारी २०२३ मध्यें निघालेल्या क्रोमच्या ११० व्या आवृत्तीपासून विंडोज ७ व ८.१ यांचा आधार संपला. अशा यंत्रावर ब्राउझर उघडतो, कामही होतें, पण दुरुस्ती येत नाहीं. हें मौन निरोगीपणाचें लक्षण नव्हे.

शाळेंत मुलें येतातच, तरीही शिक्षक रोज हजेरी घेतो. तद्वत् कचेरींतील एका जबाबदार मनुष्यानें आठवड्यांतून एकदां प्रत्येक यंत्रावरील आवृत्तीचा क्रमांक वहींत टिपावा. जो क्रमांक मागें राहिला असेल, तें यंत्र आधीं सुधारावें. सुधारणें शक्य नसेल, तर त्यावर लोकांचीं कागदपत्रें उघडूं नयेत. श्रम यंत्राचे असोत. देखरेख मात्र मनुष्याचीच असली पाहिजे.