चुंबकाची बोहनी

पहाटे पाचला सुरत स्टेशनावर फ्लाइंग राणीची वाट बघणाऱ्या माणसांच्या पायाशी नजर टाकली, की कोण कशासाठी मुंबईला निघालंय ते कळतं. लॅपटॉपची पिशवी असली तर नोकरी, कापडाचं पोटलं असलं तर धंदा. माझ्या भाचीच्या पायाशी होते दोन खोके, तारेच्या जाळीचे घडीचे स्टँड आणि पोस्टरांची लांब नळी. हमालानं विचारलं, “साडी छे के ड्रेस?” ती म्हणाली, “चोपडी छे, भाई.” त्यानं खोका उचलला आणि लगेच खाली ठेवला. कापड दाबलं की बसतं. कागद बसत नाही, आणि वजनाला नुसता दगड.

चोपडी म्हणजे तिनं स्वतः लिहिलेलं, काढलेलं आणि पदरचे पैसे घालून छापलेलं चोवीस पानी कॉमिक. सुरतेतल्या उधन्याच्या लूमवर रात्रपाळी करणारा एक मुलगा आणि त्याच्याशी गप्पा मारणारा धोटा, एवढीच गोष्ट. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये तिनं एका मैत्रिणीबरोबर अर्धं टेबल घेतलं होतं. खोके उचलायला मामा. दोन दिवस त्या टेबलामागे बसलो, आणि एक अख्खा व्यवसाय आपल्याला ठाऊकच नव्हता हे लक्षात आलं.

जत्रेचा जन्म

कॉमिकवेड्यांची जत्रा भरवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सॅन डिएगोची कॉमिक-कॉन १९७०मध्ये सुरू झाली. टोकियोत डिसेंबर १९७५मध्ये ‘कॉमिकेट’ पहिल्यांदा भरलं तेव्हा स्वतःची पुस्तकं घेऊन बसलेले गट होते ३२ आणि आलेली माणसं साधारण ७००. आज तिथे एका वेळी लाखो लोक येतात, आणि तरीही मुख्य माल तोच आहे : हौशी चित्रकारानं स्वतः छापलेलं आणि स्वतः विकलेलं पुस्तक.

त्याही आधी, १९६८मध्ये, रॉबर्ट क्रम्ब नावाच्या चित्रकारानं आपल्या ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत ठेवून विकला होता. आपल्याकडे भाजीची हातगाडी असते, तसंच. पण टेबलामागे बसलेला प्रत्येक नवा चित्रकार मनात जपतो ती गोष्ट मे १९८४ची. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन मित्रांनी काकाकडून उसने पैसे घेतले, करातून परत मिळालेली रक्कम त्यात घातली आणि काळ्या-पांढऱ्या कॉमिकच्या तीन हजारांवर प्रती छापल्या. न्यू हॅम्पशरमधल्या एका लहानशा कॉमिक मेळ्यात त्या विकायला ठेवल्या. पुस्तकाचं नाव ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’. पुढे त्या कासवांचे सिनेमे निघाले, मालिका निघाल्या, खेळणी निघाली. अशी लॉटरी लाखात एखाद्यालाच लागते, पण तिकीट मात्र सगळेच काढतात.

भारतात पहिली कॉमिक कॉन जतिन वर्मा यांनी फेब्रुवारी २०११मध्ये दिल्ली हाटला भरवली. त्याच वर्षी ती मुंबईत आली, मग बेंगळुरू आणि हैदराबादला पोहोचली. पावसाळा सरला की एकामागून एक शहरं लागतात, आणि चित्रकार मंडळी दशावतारी कंपनीसारखी पेट्या घेऊन या गावाहून त्या गावाला जातात. या फिरतीला ते ‘सर्किट’ म्हणतात. सीझनभर भेटणारे शेजारी तेच. एकानं जेवायला जायचं, दुसऱ्यानं दोन्ही टेबलं सांभाळायची. सुट्टे पैसे, कात्री, सेलोटेप सगळं सामाईक.

सुपंडी कोणाची, मावशी कोणाची?

स्वतंत्र चित्रकार म्हणजे कोण, हे समजून घ्यायचं तर आधीची पिढी बघावी लागते. अनंत पै यांनी १९६७मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, १९८०मध्ये ‘टिंकल’. त्यांच्यामागे उभे राहिलेल्या हातांत मराठी हात बरेच. राम वाईरकरांनी मालिकेतला ‘कृष्ण’ रंगवला आणि १९८३पासून ‘टिंकल’मधल्या सुपंडीला ते चौकोनी डोकं आणि ती शेंडी दिली. पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्या कुंचल्यानं कित्येक पिढ्यांना राम-शिवाजी कसे दिसतात ते शिकवलं. पण सुपंडी वाईरकरांचा नव्हता, तो प्रकाशन संस्थेचा. चित्रकाराच्या घरी जायचं ते कामाचं मानधन.

मुंबईचे अभिजीत किणी या दोन्ही काठांवर पाय ठेवून उभे आहेत. ‘टिंकल’साठी त्यांनी भरपूर काम केलं, खैरुन्निसा ए. यांच्या ‘बटरफिंगर्स’ पुस्तकांना चित्रं दिली. आणि २०१२मध्ये स्वतःच्या नावावर, स्वतःच्या हिमतीवर ‘अँग्री मावशी’ आणली. नऊवारी नेसलेली, हातात बंदूक घेतलेली ही मावशी मुंबईतल्या भ्रष्टांचा हिशेब चुकता करते. पुस्तक इंग्रजीत, पण काष्टा आणि राग अस्सल इथला. मावशी किणींची आहे. तिला सदऱ्यावर छापायचं की कपावर, पुढच्या भागात कोणाला झोडपायचं, हे तेच ठरवतात, आणि पुस्तक नाही खपलं तर खोकेही त्यांच्याच घरी येतात. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ इतका सरळ आहे.

अशी टेबलं आता बरीच आहेत. विवेक गोयल यांच्या ‘होली काउ’नं ‘रावणायन’ काढलं, फैसल मोहम्मद यांच्या ‘गार्बेज बिन’मधल्या गुड्डूत अनेकांना आपलं लहानपण सापडलं. आणि केवळ स्वतःची पुस्तकं विकणाऱ्यांसाठी भरत मूर्ती यांनी ‘इंडी कॉमिक्स फेस्ट’ सुरू केला. तिथे झगमगाट नाही, टेबल स्वस्त, आणि येणारा माणूस वाचायलाच येतो.

सव्वाआठ मिनिटांना एक

आता हिशेब. सुरतेत राहून हिशेब न मांडता लेख लिहिला तर लोक हसतील.

समजा, कॉमिकची किंमत २०० रुपये, छपाई प्रतीमागे ७०. सुटले १३०. टेबलाचा वाटा, गाडीभाडं, दोन रात्रींचा मुक्काम, खाणंपिणं मिळून १५ हजार धरा. तेवढे भरून निघायला दोन दिवसांत ११६ प्रती विकायला हव्यात. रोज आठ तास धरले तर दर सव्वाआठ मिनिटांना एक. इथे चार महिने काढलेल्या चित्रांची मजुरी शून्य धरली आहे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत भाचीच्या चार प्रती गेल्या. बोहनी पुस्तकाची झालीच नव्हती, झाली होती फ्रिजवर लावायच्या चुंबकाची. धोट्याचं चित्र, खाली ‘रात्रपाळी’ हा एकच शब्द, किंमत शंभर. एका आयटीवाल्या मुलीनं ते उचललं, मोठ्यानं हसली आणि मैत्रिणींसाठी आणखी दोन घेतली. चुंबकाला खर्च वीसेक रुपये. ते बघायला थांबावं लागत नाही, वाचावं लागत नाही, पिशवीत जड होत नाही. पुस्तक अनोळखी माणसाकडे अर्धा तास मागतं, चुंबक तीन सेकंद.

म्हणून टेबलाची मांडणी ठरलेली असते. डोळ्यांच्या उंचीवर पोस्टर, हाताशी बॅज आणि स्टिकर, मधोमध पुस्तक. बॅज लहान पोरांना थांबवतो, पोरं आईबापांना. आईबाप थांबले की पुस्तक उघडून त्यांच्या हातात द्यायचं, मिटलेलं नाही. साडी दाखवणारा सेल्समन घडी मोडून पदर पसरतो, त्यातलीच ही युक्ती.

छपाईचेही धडे आहेत. पानं चारच्या पटीत हवीत, कारण मधे पिन मारायची तर कागद दुमडावा लागतो. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून चोवीस पानं म्हणजे दीड फर्मा. प्रती शंभर-दोनशे हव्या असतील तर डिजिटल, त्याहून बऱ्याच जास्त हव्या असतील तरच ऑफसेट परवडतं. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकार फुकट देतं. आणि पडद्यावर दिसणारा रंग कागदावर उतरत नाही. पडदा प्रकाशाच्या तीन रंगांत बोलतो, छापखाना शाईच्या चार. आमच्या एका छापखान्यानं नमुना न दाखवता माल दिला आणि भाचीचं जांभळं आकाश वांग्याच्या भरतासारखं करपलं. तेव्हापासून ती एक प्रत हातात आल्याशिवाय ‘चालू द्या’ म्हणत नाही.

कापडात मात्र सुरत तिच्या कामी आली. इथे गल्लोगल्ली सब्लिमेशनची छपाई चालते : चित्र आधी कागदावर छापायचं, मग साधारण दोनशे अंश तापलेल्या प्रेसखाली ते कापडावर उतरवायचं. तिनं हौसेनं सुती पिशव्या नेल्या. कारागीर म्हणाला, “बेन, आ नहीं पकडे.” ही शाई पॉलिस्टरच धरते, सुतावरून धुतली जाते. आणि पॉलिस्टरची तर ही राजधानी. मग टेबलक्लॉथ, मागचा पडदा, रुमाल सगळं पॉलिस्टरवर झालं, आणि आमचं टेबल लांबून उठून दिसलं.

दुसऱ्याचा नारुतो

शेजारच्या टेबलावर गर्दी जास्त होती. तिथे जपानी अॅनिमेतली पात्रं होती, नारुतो आणि मंडळी. याला फॅनआर्ट म्हणतात, आणि सर्किटवरचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. कायद्यानं पाहिलं तर पात्राचं चित्र ही मूळ निर्मात्याची मालमत्ता, परवानगीशिवाय विकणं म्हणजे हक्कभंग. पण लोक ओळखीचा चेहराच विकत घेतात, आणि त्या पैशावर कित्येकांचं स्वतःचं पुस्तक छापून होतं. शेजारचा मुलगा मला म्हणाला, “काका, नारुतो माझं भाडं भरतो, माझा हिरो माझ्याकडून भाडं घेतो.”

जत्राही बदलते आहे. कॉस्प्ले, परदेशी पाहुणे, व्हिडिओ गेम यांची जागा वाढली. २०२४मध्ये नॉडविन गेमिंग या कंपनीनं कॉमिक कॉन इंडिया विकत घेतली. गर्दी वाढली हे खरं, पण त्या गर्दीतल्या किती जणांना कागदावरची गोष्ट हवी आहे, हे दर सीझनला नव्यानं कळतं.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. शि. द. फडणीसांनी ‘हसरी गॅलरी’ गावोगावी नेली, तेव्हा चित्र वाचकाकडे चालत गेलं. मंगेश तेंडुलकर दिवाळीत पुण्याच्या चौकात उभे राहून वाहतुकीच्या नियमांवरची स्वतः काढलेली भेटकार्डं वाटायचे. ‘आवाज’ या दिवाळी अंकानं खिडकीचित्रं छापली, तीही वाचकाच्या बोटाला काम देणारीच युक्ती. आणि दिवाळी अंक तरी काय असतो? वर्षातून एकदा मांडलेलं टेबल.

चोपडा

सुरतेत दिवाळीला चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, होतं. आमचे दाजी मूळचे खानदेशातले, रिंगरोडच्या कापड मार्केटात तीस वर्षं मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, होते. संगणक आला तरी घरात लाल चोपडा येतोच. त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला विचारलं, “काय ऊनं हातमा?”

तिनं वही पुढे केली. चुंबकं, बॅज, स्टिकर यांची कमाई. पुस्तकाच्या ६३ प्रती, म्हणजे पुस्तक तोट्यात. एकूण मिळून जेमतेम बरोबरी. आणि खाली वेगळी ओळ होती : ‘पुस्तक वाचून दुसऱ्या दिवशी परत आले, पुढचा भाग मागितला – ११.’ हा आकडा तिनं उजवीकडे, येण्याच्या बाजूला लिहिला होता. कौतुकाची उधारी, कधीतरी वसूल होईल अशी.

दाजींनी चष्मा पुसला, ती ओळ दोनदा वाचली आणि बोट ठेवलं. “हाई येनं नही पोरी, देनं शे.”

तिनं क्षणभर पाहिलं, मग तो अकराचा आकडा खोडून डाव्या बाजूला, जमेत, घेतला. कापडाचा मेहताजी असो की चित्रकार, ज्याचं घेतलंय त्याचं नाव तिथेच लिहितात. दुसऱ्या भागाची सहा पानं आता झाली आहेत.