महागडी डिजिटल श्राव्य उपकरणे आणि ध्वनीची गुणवत्ता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
भाषा प्रयोगशाळा, संगीत विभाग व सभागृह यांसाठी ध्वनियंत्रणा खरेदी करण्याचा प्रसंग महाविद्यालयांवर वारंवार येतो. दरपत्रकांतील किमतींत मोठी तफावत असते आणि 'किंमत अधिक तर आवाज चांगला' असे सहज गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत शास्त्रीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डिजिटल ध्वनीचे स्वरूप :
ध्वनिलहरीचे ठरावीक कालांतराने मोजमाप घेऊन ते आकड्यांत नोंदविणे म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रण होय. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट असे प्रमाण ठरले. नायक्विस्ट व शॅनन यांच्या सिद्धांतानुसार लहरीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक दराने नमुने घेतल्यास मूळ लहर पुन्हा उभी करता येते. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असून वयानुसार ती घटते. १६ बिटमुळे सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. म्हणजेच ऐकण्यासाठी सीडीचे प्रमाण तत्त्वतः पुरेसे ठरते. आकड्यांचे पुन्हा विद्युतलहरीत रूपांतर करणारे 'डॅक' हे उपकरणही आज अल्प किमतीत उत्तम दर्जाचे मिळते.

प्रायोगिक पुरावा :
मेयर व मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या प्रमाणात उतरवलेले रूप श्रोत्यांना ओळखावयाचे होते. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. याउलट राइस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात अचूकतेचे प्रमाण सुमारे ५२ टक्के आढळले व प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. फरक असलाच तर तो अत्यंत सूक्ष्म आहे, एवढेच यावरून म्हणता येते.

फरक जाणवण्याची कारणे :
तरीही अनेकांना फरक जाणवतो, तो का? किंचित मोठा आवाज कानाला 'अधिक चांगला' वाटतो, हे एक कारण. किंमत ठाऊक असल्याने निर्माण होणारी अपेक्षा, हे दुसरे. म्हणून तुलना करताना दोन्ही उपकरणांचा आवाज मोजून समान ठेवावा आणि कोणते उपकरण वाजत आहे हे श्रोता व चालक या दोघांनाही कळू देऊ नये. अशा १६ चाचण्यांत १२ किंवा अधिक उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. भौतिकशास्त्र व संख्याशास्त्र विभागांना मिळून हा प्रयोग महाविद्यालयातच करता येईल.

खर्च कोठे करावा :
माइक, स्पीकर व हेडफोन यांत विद्युत व ध्वनी यांचे परस्पर रूपांतर यांत्रिक हालचालीने होते. येथील विकृती डॅकमधील विकृतीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. त्याहून महत्त्वाची खोली होय. उघड्या भिंती व फरशी यांमुळे आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात आणि शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यास व्याख्यान कळत नाही. हा दोष कोणत्याही महागड्या डॅकने किंवा केबलने दूर होत नाही. जाड पडदे व ध्वनिशोषक फलक यांनी तो बराच कमी होतो.

निष्कर्ष :
डिजिटल साखळीत विशिष्ट मर्यादेनंतर वाढलेली किंमत श्रवणीय गुणवत्तेत उतरत नाही. यास्तव मर्यादित निधी प्रथम खोलीवर, नंतर माइक व स्पीकरवर आणि अखेरीस डिजिटल उपकरणांवर खर्च करणे श्रेयस्कर ठरेल. खरेदी समितीने निर्णय दरपत्रकावरून न घेता कानांनी, परंतु डोळे मिटून घ्यावा.