मुलाच्या दप्तरात असे पुस्तक सापडले तर

वस्तीतली आरोग्याची बैठक संपली, सगळ्याजणी उठल्या की एखादी आई मागे थांबते. हळूच विचारते, "ताई, पोरगा बायकी वागतो. काही औषध आहे का?" कुणी भगताकडे जाऊन आलेली असते, कुणी लग्नाची घाई करते.

नर्सिंग शिकलेल्या आम्ही ठामपणे सांगतो: औषध नाही, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती गुन्ह्यातूनही काढली आणि त्या निकालात बाबासाहेबांनी मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला.

मूल खचते ते टोमण्यांनी, माराने, एकटेपणाने. शाळा सुटते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. आपल्यासारखे आणखी कुणी आहे, एवढे कळले तरी भार हलका होतो. ते काम पुस्तक करते.

ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन. त्यांची आजची धार्मिक भूमिका आम्हाला मान्य नाही. पण शाळेतली चेष्टा आणि पाठीशी उभे राहिलेले आईवडील वाचावेत असेच आहेत. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही समलिंगी तरुणाची कादंबरी. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण दोघेही घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर जीव लावतात. घर पांढरपेशे आहे, पण लपवलेले दुःख ओळखीचे. या दोन कादंबऱ्या अठरा वर्षांपुढच्यांनी वाचाव्यात. दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रहही मिळवावा.

"असली पुस्तके विहारात?" असे कुणी म्हणेल. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, हा गुन्हा. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांची बाजू कोर्टात मांडली ती बाबासाहेबांनी. खटला हरले, पण मागे हटले नाहीत.

म्हणून विहाराच्या अभ्यासिकेत या पुस्तकांना एक कप्पा द्या. मुलाच्या दप्तरात असे पुस्तक सापडले तर हिसकावू नका. आधी स्वतः वाचा, मग जवळ बसा. मूल फारच खचलेले वाटले तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. भगताकडे मात्र नेऊ नका.