जवारी

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. ‘‘बाबा, हिचा गाण्याचा क्लास वर्षभर बंद करतेय. दहावी आहे. एका वर्षाचा तर प्रश्न!’’ मी ‘हं’ म्हणून फोन ठेवला. शेवटचं वाक्य माझंच होतं. १९९९च्या जूनमध्ये मी ते तिला ऐकवलं होतं. तिचं ते एक वर्ष अजून संपलेलं नाही.

१९८९ ते १९९३ बँकेनं मला मिरजेला पाठवलं होतं. शाखेचं काम आटोपलं की पाच वर्षांच्या मुलीचं बोट धरून मी सतारमेकरांच्या दुकानांकडे फिरायला जात असे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असत. घोडी कानशीनं किंचित घासायची, तार छेडायची, पुन्हा घासायची. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. तो केसभर इकडेतिकडे झाला की आवाज मुका.

एकदा त्यांनी खर्जाची तार छेडून मुलीला विचारलं, ‘‘बेटा, आत आणखी कुणी गातंय का?’’ ती कान लावून बसली आणि म्हणाली, ‘‘हो, वर कुणीतरी आहे.’’ तो गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते. जवारी नीट लागली की खर्जातून तो आपोआप उमटतो. मला मात्र तो ऐकू यायला आणखी तीन महिने लागले. व्हाउचरं तपासणारे कान!

त्या संध्याकाळनंतर तिला ‘गाणं शीक’ असं कधी सांगावं लागलं नाही. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेबांना १९३७ साली याच दर्ग्याच्या आवारात मूठमाती मिळाली. तिथे ती माझ्या मांडीवर पेंगत ऐकायची. मिरज सोडताना तंबोरा घेतला, तोही हप्त्यांनी. (दुसऱ्यांना कर्जं देणाऱ्या माणसाची ही ऐपत.) पुढे मुंबईत ती प्रवेशिका पूर्ण झाली, आणि मग दहावी आली. मी कागदावर तासांचा हिशेब मांडला, क्लास बंद केला, तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला. टक्के उत्तम पडले. आज ती चांगल्या हुद्द्यावर आहे. गात नाही.

आता शास्त्रीय कलेच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. पालक चौकशा करतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. मीही हिशेबीच माणूस. पण गुणांसाठी आलेलं पोर गुण मिळाले की क्लास सोडतं, हेही आमच्या इमारतीत पाहतो आहे. आणि ज्या घरात आईवडील स्वतः दहा मिनिटं स्वस्थ बसून काही ऐकत नाहीत, तिथल्या पोरानं का ऐकावं?

रविवारी मुलीकडे गेलो. म्हटलं, ‘‘तेव्हा माझं चुकलं.’’ ती भाजी निवडत होती. ‘‘नाही बाबा, तेव्हा तुमचं बरोबरच होतं. घरात एकच पगार होता.’’ तिनं भांडायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

तंबोरा माळ्यावरून काढला. तारा गंजल्या होत्या, भोपळ्याला बारीक चीर गेली होती. मिरजेला घेऊन गेलो. ते कारागीर आता नाहीत. एका तरुणानं चीर सांधली, जवारी काढून दिली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

परवा तंबोरा मुलीच्या दिवाणखान्यात ठेवून मी गॅलरीत पेपर वाचत बसलो. बराच वेळ शांतता. मग खुंटी पिळल्याचा करकर आवाज, एक तार, दुसरी तार. षड्ज लागायला तिला वीस मिनिटं लागली. नात अभ्यासाच्या टेबलावरून उठून दारात आली.

‘‘आई, हा वरचा सूर कुठून येतोय?’’

क्लासचं अजून काही ठरलेलं नाही.