जुन्या वस्त्राचा नवा आहेर

बहुतेक मराठी घरांत पेटीच्या तळाशीं एक गांठोडें असतें. विरलेल्या लुगड्याचा पदर, शेरवानी शिवतांना उरलेली पट्टी, कसरीनें खाल्लेल्या शालीचा तुकडा असें कांहींबाहीं त्यांत बांधलेलें असतें. तें टाकून देण्यास मन होत नाहीं आणि त्याचें करावें काय, हें सुचत नाहीं. अखेर एखाद्या दिवाळीच्या साफसफाईंत बोहारणीशीं घासाघीस होते आणि गांठोडें एका पातेल्याच्या बदल्यांत घराबाहेर जातें. छत्रपति संभाजीनगरासारख्या शहरांत हा व्यवहार विशेष तोट्याचा ठरतो. कारण तेथील गांठोड्यांत हिमरूचा किंवा पैठणीचा तुकडा असण्याचा संभव असतो.

मलिक अंबर यानें १६१० सालीं खडकी या नांवानें वसविलेलें, पुढें औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आलेलें आणि २०२३ सालापासून छत्रपति संभाजीनगर हें नांव धारण केलेलें हें शहर हिमरूच्या विणकरांमुळें दूरवर ओळखलें गेलें. सातवाहनांची राजधानी असलेलें पैठण तेथून सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. याच जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या विहारांत जे भिक्षु राहत, त्यांच्या संघांत चिंधीला केवढी प्रतिष्ठा होती! लोकांनीं टाकून दिलेलें कापड धुऊन, त्याचे तुकडे जोडून केलेल्या चीवराला पांसुकूल म्हणत. आणि चीवराच्या जोडांची आकृति मगधांतील भातशेतांच्या बांधांवरून घेतली, असें विनयपिटकांत सांगितलें आहे. भिक्षूंनीं जें वैराग्यापोटीं केलें, तेंच गृहिणींनीं मायेपोटीं गोधडीच्या रूपानें केलें.

गोधडीचें मर्म उबेइतकेंच मऊपणांत आहे. नव्या सुती कापडाला खळ असते. वारंवार धुतल्यानें ती निघून जाते आणि धागा मऊ पडतो. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या अंगाखालीं आजीच्या लुगड्याचें दुपटें घालण्याची चाल पडली. बाळंतविड्यांतील टोपडें, कुंची, झबलें शिवतांना मावशीनें किंवा आत्यानें जुनें पातळ वापरलें, तर त्यांत कृपणता नव्हती. बाळाच्या नाजूक त्वचेचा विचार होता.

मात्र सर्व तुकड्यांची जात एक नसते. कात्री हातीं घेण्यापूर्वीं वीण ओळखली पाहिजे. हिमरूंत ताणा सुताचा आणि नक्षीचा बाणा रेशमाचा असतो. नक्षीसाठीं घातलेले जादा धागे दर्शनी बाजूस जेथें लागत नाहींत, तेथें ते मागील बाजूस मोकळे राहतात. त्यामुळें कापडाला ऊब येते. परंतु कापलेली कड लवकर उसवते आणि मागचे धागे बोटांतील अंगठींत अडकतात. म्हणून हिमरूच्या तुकड्याला अस्तर हवेंच. शिवाय कापण्याच्या रेघेलगत आधीं बारीक टांके घालून घ्यावे. मशरूंत रेशीम दर्शनी बाजूस आणि सूत अंगाकडील बाजूस असतें. त्याची तुळतुळीत बाजू जाड सुईनें ओढली जाते, म्हणून त्याला बारीक सुई वापरावी. पैठणीच्या पदराची नक्षी निरनिराळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेली असते. तीं दोन्हीं अंगें सारखींच दिसतात. त्यामुळें अशा तुकड्याच्या कडा मुडपून केलेली पोथींतील खूण अस्तरावांचूनही शोभते.

आहेरास योग्य असा हिमरूचा बटवा करण्यास १७ इंच लांब आणि ९ इंच रुंद कापड पुरतें. एवढें सलग न मिळाल्यास दोन लहान तुकडे तळाशीं जोडावे. अस्तर त्याच मापाचें, जुन्या मलमलीचें घ्यावें. रेशमाचा रंग सुटतो कीं काय, हें ओल्या पांढऱ्या फडक्यानें आधीं पाहावें. सुलट बाजू आंत येईल अशी कापडाची मधोमध घडी घालून दोन्ही कडा अर्धा इंच आंतून उलट टिपेनें शिवाव्या. मात्र तोंडापासून दोन इंचांवर दोन्हींकडे अर्धा इंच जागा नाडीसाठीं उघडी ठेवावी. मग ही पिशवी सुलट करावी. अस्तराची पिशवी कडा पूर्ण शिवून, सुलट न करतां, तिच्या आंत बसवावी आणि दोहोंचीं तोंडें अर्धा इंच आंत मुडपून हेम घालावी. उघड्या जागेच्या वर व खालीं सभोंवार धावदोरा घातला कीं नेफा तयार होतो. समोरासमोरच्या बाजूंनीं दोन नाड्या ओवल्या म्हणजे त्या ओढतांच बटवा मिटतो.

या कामांत एक मोह मात्र आवरला पाहिजे. बटवा सुंदर झाला म्हणजे पेटींतील धड वस्त्राकडेही कात्री वळते. विणकराच्या दृष्टीनें अखंड जुनी पैठणी ही नमुन्यांची पोथीच होय. रंगांची संगति, कांठाचें प्रमाण, पदराची मांडणी हीं तींतून वाचतां येतात. खऱ्या जरींत चांदी असे, म्हणून कित्येक जुन्या पैठण्या चांदीच्या लोभानें जाळल्या गेल्या. हौसेनें कापलेल्या वस्त्राची गतिही निराळी नाहीं. फक्त तेथें विस्तव होता, येथें कात्री आहे. यास्तव फाटलेलें तेवढें कापावें, विरलेलें रफू करावें आणि जें धड आहे तें मलमलींत गुंडाळून, त्याची घडी वेळोवेळीं बदलून ठेवावें. कारण जुनें रेशीम एकाच घडीवर राहिल्यास तेथेंच चिरतें.

तयार बटव्यांत एक चिठ्ठी घालण्यास विसरूं नये. हें वस्त्र कोणाचें, तें कोणत्या प्रसंगीं नेसलें गेलें आणि कोठें विणलें गेलें, एवढें तीवर लिहावें. बाजारांतील भेटवस्तूवर किंमत लिहिलेली असते. घरांत शिवलेल्या या आहेरावर वंशावळ लिहितां येते.