एका तासाच्या मजुरीत : शाम शुई पोमधील डिमसम आणि खाणावळी

हाँगकाँगच्या काउलून द्वीपकल्पाच्या वायव्येस असलेल्या शाम शुई पो या वस्तीच्या नावाचा अर्थ ‘खोल पाण्याचा धक्का’ असा होतो. मात्र भराव पडत जाऊन समुद्र केव्हाच दूर सरकला असून, आता तेथे धक्क्याच्या जागी दाटीवाटीने उभ्या इमारती आणि व्यवसायांनुसार वाटले गेलेले रस्ते दिसतात. आपलिउ रस्त्यावर जुनी-नवी विजेची उपकरणे, यू चाउ रस्त्यावर मणी आणि की लुंग रस्त्यावर कापड व बटणे मिळतात, म्हणजे मुंबईतील मंगळदास मार्केट, लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार एकमेकांना चिकटून वसवले असते तर जे चित्र दिसले असते, तसेच काहीसे हे चित्र आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या दृष्टीने ही वस्ती हाँगकाँगमधील सर्वांत गरीब भागांत गणली जाते आणि खाण्याच्या दृष्टीने ती सर्वांत समृद्ध भागांपैकी एक आहे. या दोन गोष्टी योगायोगाने शेजारी आलेल्या नाहीत. येथील अन्न स्वस्त आहे ते त्याचा दर्जा उतरवल्यामुळे नव्हे, तर ज्यांच्या घरात स्वयंपाकघर नव्हते अशा माणसांसाठी रस्त्याने आणि खाणावळींनी मिळून सात दशकांत जी व्यवस्था उभी केली तिच्यामुळे, हे लक्षात घेतल्याखेरीज येथील वाफेच्या करंड्यांचा अर्थ लागत नाही.

1949 नंतर चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या निर्वासितांनी या परिसरातील डोंगरउतारांवर लाकडी झोपड्या बांधल्या होत्या. 1953 च्या नाताळच्या रात्री शेक किप मेई येथील झोपडपट्टीला आग लागली आणि 50 हजारांहून अधिक माणसे एका रात्रीत बेघर झाली. त्यानंतर सरकारने 1954 पासून इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या पुनर्वसन इमारती बांधल्या. त्यांत प्रौढ माणशी 24 चौरस फूट जागा धरलेली होती, खोलीत स्वयंपाकाची सोय नव्हती आणि चुली बाहेरच्या सामाईक सज्जात पेटत असत. त्या इमारतींपैकी ‘मेई हो हाउस’ ही एक जतन करून ठेवलेली असून तिच्यात आज युवक वसतिगृह आणि लहानसे संग्रहालय आहे. इतक्या अपुऱ्या जागेत राहणाऱ्या आणि कापडाच्या व प्लास्टिकच्या कारखान्यांत दिवसभर राबणाऱ्या माणसांना दाराबाहेर, पटकन आणि थोड्या पैशांत मिळणारे अन्न ही चैन नव्हती, ती गरज होती.

डिमसम या खाद्यप्रकाराचे मूळ अर्थात याहून जुने आहे. ‘डिमसम’ या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘हृदयाला स्पर्श’ असा सांगितला जातो. व्यवहारात मात्र चहाबरोबर खाण्याच्या, बहुधा वाफवलेल्या छोट्या पदार्थांना मिळून ते नाव आहे. असे पदार्थ खायला जाण्याला कँटनी लोक ‘याम चा’, म्हणजे ‘चहा पिणे’, असे म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मुख्य गोष्ट चहा असून पदार्थ सोबतीला असतात. (मराठीतला ‘चहा’ हा शब्दही याच ‘चा’च्या कुळातला आहे.) एकोणिसाव्या शतकात ग्वांगझूमध्ये मजुरांसाठी ‘दोन लीची चहाघरे’ होती; ली हे तेव्हाचे अत्यंत लहान चलन असून तेवढ्याशा पैशांत बाकावर बसून चहा पिता येई आणि एखादा पोटभरीचा पदार्थ घेता येई. श्रीमंतांची सुशोभित, बहुमजली चहागृहे नंतर नावारूपाला आली. म्हणूनच स्वस्त डिमसम हे महागड्या डिमसमचे हलके रूप आहे, असे मानणे इतिहासाला धरून होत नाही. कँटनी भाषेत ‘यात चुंग लेउंग किन’, म्हणजे ‘एक पेला, दोन नग’, असा एक रूढ शब्दप्रयोग आहे: झाकणाच्या पेल्यात एक चहा आणि वाफेवरचे दोन पदार्थ. पहाटे वर्तमानपत्र घेऊन चहाघरात बसणाऱ्या निवृत्त कामगाराची न्याहारी या चार शब्दांत पूर्ण मावते.

या न्याहारीचे स्वतःचे शिष्टाचार आहेत. टेबल पूर्ण रिकामे होण्याची वाट न पाहता अनोळखी माणसांच्या शेजारी बसण्याला ‘ताप तोय’ म्हणतात, आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. बसल्यावर पहिल्या वाफाळत्या चहाने वाट्या, पेले आणि चॉपस्टिक्स विसळून घेतल्या जातात. किटलीतले पाणी संपले की तिचे झाकण तिरपे करून ठेवायचे, म्हणजे वाढपी न बोलावता येतो. दुसऱ्याने पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानायचे. पूर्वी करंड्या ढकलगाड्यांवरून फिरत असत. आता बहुतेक ठिकाणी छापील कागदावर खुणा करून मागणी दिली जाते. पदार्थांची नावे आणि त्यांच्या दरांचे लहान, मध्यम, मोठा, खास असे वर्ग ठरलेले असतात, आणि दुपारच्या मंद वेळेत हे दर बऱ्याच ठिकाणी खाली येतात. चहाचा आकार मात्र माणशी वेगळा लावला जातो. कमी पैशांत खाणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला हे सारे हिशेब तोंडपाठ असतात.

या पदार्थांतील कौशल्य कुठे असते, हे ‘हार गाव’ या कोळंबीच्या करंजीवजा पदार्थावरून सर्वांत नीट कळते. त्याच्या पारीसाठी गव्हाचे सत्त्व वापरतात, म्हणजे आपल्याकडे कुरडईसाठी जो चीक काढतात त्याच्या जवळचा, चिकटपणा धुऊन काढलेला भाग. त्यात थोडे टॅपिओकाचे पीठ मिसळून वरून उकळते पाणी ओततात आणि उकडीच्या मोदकासाठी उकड काढावी तशी झटपट मळतात. या पिठात ताण नसतो, त्यामुळे ते लाटण्याने लाटले की फाटते. म्हणून कारागीर एका बोथट, रुंद पात्याला तेल लावून ते गोळ्यावर टेकवतो, मनगटाच्या एका वळणात फिरवतो आणि कागदासारखी गोल चकती ओढून काढतो. कोळंबी आत ठेवून एका बाजूच्या चुण्या पाडल्या जातात. जाणकार त्या मोजतात, सातांहून कमी चालत नाहीत आणि दहा किंवा अधिक पडल्या तर हात तयार आहे असे मानतात. वाफेवर काही मिनिटांत पारी पारदर्शक होऊन आतला गुलाबी रंग दिसू लागतो. करंडी निघाल्यावर पारी चॉपस्टिकने उचलताना फाटली नाही आणि तोंडात गेल्यावर चिवट लागली नाही, तरच पदार्थ जमला. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या ज्या बाईला हे काम दाखवले जाईल, तिला त्यात अपरिचित असे फारसे काही वाटणार नाही.

हे कौशल्य आलिशान हॉटेलातून गल्लीत कसे उतरते, याचे सर्वज्ञात उदाहरण म्हणजे ‘टिम हो वान’ ही खाणावळ. फोर सीझन्स हॉटेलातील ‘लुंग किंग हीन’ या, मिशेलिनच्या तीन तारका मिळवणाऱ्या पहिल्या चिनी रेस्टॉरंटात काम केलेल्या माक क्वाय पुई या आचाऱ्याने 2009 मध्ये सहकाऱ्यासोबत मोंग कोक भागात जेमतेम वीस माणसे बसतील एवढी जागा घेऊन ती सुरू केली आणि पुढच्याच मार्गदर्शिकेत तिला एक तारका मिळाली. नंतर शाम शुई पोमधील फुक विंग रस्त्यावर शाखा निघाली आणि मोंग कोकची मूळ जागा पुढे बदलली. तेथील भाजलेला डुकराच्या मांसाचा पाव, ज्याच्या वर साखरेचा खुसखुशीत थर असतो आणि आत गोडसर ‘चार सिउ’, म्हणजे मधाच्या लेपात भाजलेले मांस असते, हा सर्वत्र प्रसिद्ध झाला. वस्तीला त्या तारकेपेक्षा मोलाची ठरावी अशी गोष्ट मात्र वेगळीच आहे: पंचतारांकित हॉटेलातला हात साध्या टेबलावरही तेवढाच काटेकोर राहू शकतो, हे सिद्ध झाले. पुढे ही साखळी अनेक देशांत पसरली आणि तिची मालकी एका मोठ्या फिलिपिनी कंपनीकडे गेली. त्या विस्तारात मूळ गल्लीचा संबंध नावापुरता उरला, ही खंत वाटण्याजोगी बाब आहे.

साखळ्यांकडे न वळता गल्लीतच मुळे रोवून बसलेली दुकाने याहून अधिक बोलकी आहेत. क्वेलिन रस्त्यावरील ‘हॉप यिक ताय’ हे जवळजवळ एकाच पदार्थासाठी ओळखले जाते: ‘चेउंग फन’, म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाची वाफवलेली, गुंडाळलेली चकती. आत काहीही न भरता ती नुसतीच गुंडाळतात, कात्रीने तुकडे करतात आणि बशीत टाकतात. त्यानंतर गोड सॉस, तिळाची पेस्ट, सोया सॉस, तिखट आणि भाजलेले तीळ गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणे घालून घेतात. आपल्याकडे फेण्या वाळवण्यापूर्वी ताटलीवर नुकत्या वाफवलेल्या असतात तेव्हाची चव आणि मऊपणा ज्यांनी अनुभवला असेल, त्यांना चेउंग फनची कल्पना सहज येईल. पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘डुकराच्या आतड्याच्या शेवया’ असा असला तरी ते नाव फक्त आकारावरून पडले आहे. जवळच ‘लाउ सम की’ हे शेवयांचे दुकान आहे, तेथील पद्धतही पाहण्याजोगी आहे. अंड्यात भिजवलेल्या कणकेचा गोळा टेबलावर ठेवून त्यावर जाड बांबू आडवा ठेवतात, त्याचे एक टोक भिंतीपाशी अडकवलेले असते आणि दुसऱ्या टोकावर कारागीर बसून उड्या घेत गोळा दाबत पुढे सरकतो. पाणी जवळजवळ न घातल्यामुळे आणि दाब अंगाच्या वजनाचा असल्यामुळे शेवया तारेसारख्या टणक राहतात. त्यांवर कोळंबीची सुकवलेली अंडी भुरभुरवून देतात.

पेई हो रस्त्यावरील ‘कुंग वो’ या सोयाबीनच्या दुकानाची पाटी आपला उगम 1893 सालात सांगते. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून त्या दुधात जिप्सम घालून जो ‘तौ फू फा’ जमवतात, तो खरवसाहून कितीतरी मऊ असतो आणि गरम वा थंड कसाही साखरेच्या पाकाबरोबर खातात. इतक्या साध्या, इतक्या स्वस्त पदार्थात पाण्याचे, उष्णतेचे आणि वेळेचे गणित जरा चुकले तरी संपूर्ण घाणा वाया जातो, हे पाहिले की ‘साधे’ या शब्दाचा वापर जपून करावासा वाटतो.

डिमसमच्या बरोबरीने या वस्तीचे पोट सांभाळणारी दुसरी व्यवस्था म्हणजे ‘चा चान तेंग’, म्हणजे ‘चहा-जेवणाचे दालन’. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पाश्चात्त्य हॉटेलांतील जेवण परवडणाऱ्या दरात मिळावे म्हणून ही दालने वाढली, आणि त्यांत सिलोनच्या चहात डब्यातले दाट, न गोडवलेले दूध घातलेला चहा, लोण्याचा जाड तुकडा आत सरकवलेला ‘पाइनॅपल बन’ (ज्यात अननस नसतो, वरच्या चिरा पडलेल्या सालीवरून नाव आहे), मॅकरोनीचे सूप आणि चहा-कॉफीचे मिश्रण ‘युन येउंग’ असे सारे एकाच पाटीवर येते. चहा कापडाच्या लांब पिशवीतून पुन्हा पुन्हा गाळला जातो, आणि पिशवीचा रंग जुन्या रेशमी मोज्यासारखा झाल्यामुळे त्याला ‘मोज्याचा चहा’ असेही म्हणतात. हे तंत्र 2017 मध्ये हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेण्यात आले. मुंबईच्या इराणी हॉटेलाशी असलेले याचे साम्य वाचकाला सहज जाणवेल: दोन्हींत परक्या खाद्यसंस्कृतीला स्थानिक खिशात बसवले गेले, दोन्हींत अनोळखी माणसांचे टेबल एकच असते, आणि दोन्हींत पाव, लोणी आणि चहा यांच्या भरवशावर कामकऱ्याची सकाळ उभी राहते. मात्र इराणी हॉटेले एकामागून एक बंद होत गेली आणि चा चान तेंग अद्याप रोजच्या जीवनात टिकून आहे, हा फरक महत्त्वाचा आहे.

रस्त्यावरच उघड्या हवेत शिजवणारे ‘दाय पाय दोंग’, म्हणजे ‘मोठ्या परवान्याचे ठेले’, यांची स्थिती तेवढी आश्वासक नाही. मोठ्या आकाराचा परवाना दर्शनी लावावा लागे म्हणून हे नाव पडले. 1970 च्या दशकानंतर नवे परवाने देणे थांबले आणि असलेला परवाना दीर्घकाळ केवळ पती किंवा पत्नीकडेच जाऊ शकत असे, त्यामुळे पिढीबरोबर ठेलाही मावळत गेला. आता संपूर्ण हाँगकाँगमध्ये ते अगदी मोजके उरले आहेत. शाम शुई पोमधील ‘ओय मान सांग’ 1956 पासून संध्याकाळी पेटतो. तेथील कढईखालची ज्वाळा इतकी उंच जाते की भाजीला जळकटपणाच्या काठावरची एक विशिष्ट चव येते. तिला ‘वोक हेय’, म्हणजे ‘कढईचा श्वास’, म्हणतात आणि घरच्या शेगडीवर ती मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

या अन्नाची किंमत कशाशी मोजावी, याचा विचार केला तर मजुरी हाच खरा मापदंड ठरतो. हाँगकाँगमध्ये कायद्याने किमान मजुरी 2011 मध्ये लागू झाली, तेव्हा ती तासाला 28 हाँगकाँग डॉलर होती. मे 2023 मध्ये ती 40 आणि मे 2025 मध्ये 42.1 डॉलर झाली. कोरोनाकाळात सायंकाळी बसून जेवण्यास बंदी घातली गेली तेव्हापासून ‘दोन भाज्या-भाताचा’ डबा विशेष लोकप्रिय झाला, आणि त्याचा दर साधारण 30 ते 40 डॉलर असतो. म्हणजे सर्वांत कमी मजुरी मिळवणाऱ्या माणसाच्या एका तासाच्या कमाईत एक वेळचे जेवण होते. ही बरोबरी ढळली, तर ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नाही अशी बरीच माणसे उघड्यावर पडतील, कारण हाँगकाँगमध्ये आजही दोन लाखांहून अधिक माणसे एका घराचे तुकडे करून भाड्याने दिलेल्या खोल्यांत राहतात आणि त्यांपैकी पुष्कळ शाम शुई पोमध्ये आहेत. अशा खोलीत स्वयंपाक आणि संडास एकाच कोपऱ्यात असतो. तेथे कांदा परतण्यापेक्षा खाली उतरून चेउंग फन खाणे अधिक सन्मानाचे असते.

या साऱ्याला खरा धोका आहे तो भाड्याचा आणि हातांच्या तुटवड्याचा. कारागिरांचे वय वाढत आहे, पहाटे तीन-चारला उठून पीठ मळण्याचे काम मुलांना नको आहे, आणि 2023 मध्ये सीमा पूर्ववत खुली झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे स्वस्त जेवणासाठी सीमेपलीकडच्या शेंझेनला जाऊ लागली आहेत. नव्या इमारती उभ्या राहतात, कॉफीची नवी दुकाने येतात, आणि जुन्या दुकानाच्या बंद शटरवर भाड्याची पाटी लागते. तरीही पेई हो रस्त्यावर सकाळी मंडई भरत असताना ‘कुंग वो’पुढची रांग दिसते, आणि त्या रांगेत भाजीची पिशवी घेतलेल्या आजीपासून बांधकामाच्या पिवळ्या टोपीतल्या मजुरापर्यंत सगळे आपला वाडगा उभ्याउभ्या संपवतात, वाडगा काउंटरवर ठेवतात आणि पुढच्याला जागा करून देतात.